पहाडच्या तोंडी गेलेलं वाक्य

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, काय काम करायचे हे पाहुण्यांना समजावताना माझी नेहमी तारांबळ उडायची. चित्रकार का? नाही. लेखक? तेही नाही. मग छापखान्यात? तसंही नाही. शेवटी मी म्हणायची, "मुलांच्या चित्रकथांत माणसांच्या डोक्यावर बोलण्याचे पांढरे फुगे असतात बघा, त्यातली अक्षरं हे काढतात." पाहुणे म्हणायचे, "अस्सं! ते कुणीतरी काढतं होय?" भावजी समोरच बसलेले असायचे. ते नुसती मान हलवायचे आणि बशीतला चहा संपवायचे.

बोलणं मुळातच कमी. लग्न केलं नाही. घराच्या मागच्या अंगाची खोली त्यांची. खिडकीखाली उतरतं टेबल, टेबलावर शाईच्या चार बाटल्या आणि टाक पुसायला माझ्या जुन्या साडीचं फडकं. आमचे हे म्हणायचे, "याला बोलायचं असलं की आधी फुगा काढून द्यावा लागतो." पण फुग्यांमधलं त्यांना सगळं कळायचं. कुजबुज असली तर फुग्याची कड तुटक रेघांची. ओरडणं असलं तर काटेरी. मनातला विचार असला तर ढगासारखी, खाली लहान लहान थेंब. आणि प्रत्येक बोलक्या फुग्याला एक शेपटी. ती ज्याच्या तोंडाकडे वळली, ते बोलणं त्याचं.

कामाची रीत ठरलेली होती. लेखकाकडून संवादांचे कागद यायचे, चित्रकाराकडून चित्रांची पानं. भावजी पातळ पांढऱ्या कागदावर संवाद लिहायचे, फुगे कापून पानावर चिकटवायचे, मग शेपट्या काढायचे. सगळ्यात शेवटी चित्रकाराच्या पेन्सिलच्या खुणा रबरानं पुसायच्या. ते काम माझ्याकडे होतं. मला आवडायचं ते. स्वयंपाक आवरला की मी त्यांच्या खोलीत जाऊन बसायची, पानं पुसायची आणि चुरा पदरात गोळा करायची. संसारात दुसऱ्या कुठल्या कामाला इतका स्वच्छ शेवट नसतो.

अकरा वर्षं भावजींनी एकच मासिक केलं. त्यातल्या वीराचं नाव पहाड. धरणावरचा साधा राखणदार, पण संकट आलं की करडी घोंगडी पांघरून उभा राहायचा आणि अंगावर पाणी झेलायचा. त्याचा शत्रू भोवरा. या गोष्टी लिहायचे एका शाळेतले शिक्षक. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. आमची थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती. अंक छापून यायच्या आधी घरातच वाचायला मिळतो म्हणून शाळेत तिचा केवढा तोरा!

एकतीस वर्षांपूर्वी पुराचा अंक निघाला. त्यात एकोणिसाव्या पानावर, तिसऱ्या चौकटीत, धरणाच्या भिंतीवर पावसात उभा असलेला पहाड पाठमोरा म्हणतो, "बुडू दे त्यांना. मी थकलो." आणि चौथ्या चौकटीत तो पाण्यात उतरतो.

बस, एवढंच. पण त्या एवढ्याशा वाक्यानं गहजब झाला. मासिकाला पत्रांवर पत्रं आली. कुणी लिहिलं, आमच्या पहाडला हे बोलायला लावायला तुमची जीभ कशी रेटली. कुणी लिहिलं, वीराला आज पहिल्यांदा माणूस झालेला पाहिला. मास्तरांचं नाव झालं ते तेव्हापासून. पुढे मासिक बंद पडलं, अक्षरं यंत्रावर निघायला लागली, आणि भावजी दारावरच्या पाट्या आणि औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहू लागले. ते वाक्य मात्र राहिलं. भिंतींवर, वह्यांच्या पाठी, लोकांच्या तोंडी.

यंदा त्यावर सिनेमा आला.

पोस्टर लागल्या दिवसापासून भावजींचं काहीतरी बिघडलं. रस्त्याच्या वळणावरच ते मोठं चित्र होतं. करडी घोंगडी, पाठमोरा पहाड, खाली तेच वाक्य. भावजी बाजाराला जाताना तो रस्ता टाळून मागच्या बोळातून जायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "तिकडे सावली असते." सकाळी सातला कसली सावली हवी होती त्यांना, देव जाणे.

सिनेमा आम्ही सगळ्यांनी पाहिला, भावजी सोडून. त्यात पहाड धरणाच्या भिंतीवर बसतो, आणि बसूनच राहतो. पाणी चढतंय, लोक हाका मारताहेत, आणि तो ते वाक्य म्हणतो. खालची वस्ती बुडते. त्याला रोज डबा देणारी म्हातारी बुडते. मग कुठे तो उठतो आणि उरलेल्यांना वाचवतो. माझ्या डाव्या हाताची बाई हुंदके देत होती आणि उजव्या हाताचा गृहस्थ "अरे ऊठ की मेल्या" म्हणत होता.

त्यानंतर जो तो याच विषयावर. भाजीवाली आणि तिचा जावई बोलेनासे झाले. वर्तमानपत्रात रोज पत्रं. आणि सगळ्यांचा राग जाऊन पडला मास्तरांवर, कारण सिनेमावाल्यांनी हात झटकले होते: अंकात जे आहे तेच आम्ही दाखवलं. मास्तरांच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर कुणीतरी काळ्या रंगात लिहून ठेवलं, "पहाड कधी थकत नाही." ऐंशीला टेकलेला माणूस तो. आमचे हे बाजारातून येताना ते पाहून आले आणि जेवायला बसल्यावर सांगू लागले.

"लिहिलं ते चूकच," हे म्हणाले, "पण म्हणणं खरं आहे. तो सिनेमातला कसला पहाड? ढेकूळ आहे ढेकूळ. पाण्यानं विरघळलं."

थोरली त्या दिवशी जेवायला आली होती. ती मोठ्या दवाखान्यात परिचारिका आहे, एकोणीस वर्षं झाली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अर्धा सिनेमा झोपला होतात."

"झोपेतसुद्धा कळत होतं मला!"

"काही कळलं नाही तुम्हाला." तिनं घास खाली ठेवला. "साथ आली होती ना, त्या वर्षी मी रोज एकदा तरी मनात म्हणायचे. मरू देत सगळे, मी थकले. आणि पुढच्या खाटेकडे जायचे. तुम्हाला खोटं वाटेल, पण पहाडसुद्धा म्हणाला होता म्हणून मला माझी किळस वाटायची नाही. ते वाक्य नसतं तर मी कधीच नोकरी सोडून घरी बसले असते."

मी भावजींकडे पाहिलं. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला होता. मग ते उठले, हात धुतले आणि खोलीत गेले. दार लावल्याचा आवाज आला. त्यांच्या खोलीचं दार मी लग्न होऊन आल्यापासून दिवसा कधी लागलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवाजवळ दिवा लावत होते. भावजी उंबऱ्यात येऊन उभे राहिले. डोळे सुजलेले.

"वहिनी, एक सांगायचंय. इथेच सांगतो म्हणजे खोटं बोलता येणार नाही."

"बसा ना."

"बसत नाही. ते वाक्य पहाडचं नव्हतं."

मला आधी उमगलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या चौकटीत दोघं होते, दोघंही पाठमोरे. लोकांना फसवायला भोवऱ्यानं पहाडसारखी घोंगडी पांघरलेली. मास्तरांच्या कागदावर लिहिलेलं होतं की भोवरा म्हणतो, बुडू दे त्यांना, मी थकलो. म्हणजे तो पहाडच्या नावानं लोकांना ऐकवतो, त्यांचा धीर सुटावा म्हणून. आणि भावजींनी शेपटी काढली ती खऱ्या पहाडकडे. चूक त्यांना कळली ती अंक छापून झाल्यावर.

"अहो, पण तुम्ही अशी चूक करणारे नाही! अकरा वर्षांत एक अनुस्वार सुटला नाही तुमचा."

"झाली."

"कोण कुठला ते कळायला काही खूण नव्हती? चित्रकार तर पानाच्या कडेला सगळं लिहून ठेवायचे. मी किती वेळा…"

आणि तिथे मी थांबले.

भावजी खाली बघत होते. मला तो दिवस आठवला, कारण असा दिवस एकच होता. दुपारी नळाला पाणी येणार होतं, त्याआधी काम उरकावं म्हणून मी त्यांच्या टेबलावरची पानं उचलली आणि भराभर पुसून काढली. भावजी जेवत होते. फुगे चिकटलेले होते, मला वाटलं काम झालंय. शेपट्या राहिल्या होत्या हे मी पाहिलंच नाही. कडेला पेन्सिलनं 'भो' आणि 'प' अशा खुणा असणार. त्या मीच पुसल्या. छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा होता, चित्रकार परगावी, आणि भावजींनी अंदाजानं टाक चालवला.

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत," मी म्हटलं.

"काय बोलायचं? तुम्ही मदत म्हणूनच केलं होतं."

"एकतीस वर्षं!"

"वहिनी, दिवा विझतोय," ते म्हणाले, आणि खरंच वात तेलात बुडत होती. मी ती पुढे सारली.

आता प्रश्न असा पडला की करायचं काय. वाचनालयानं पुढच्या रविवारी सभा ठेवली होती. मास्तर येणार, लोक प्रश्न विचारणार. वाचनालयाच्या बाईंनी भावजींनाही बोलावलं होतं, त्या मासिकातल्या लोकांपैकी हयात दोघंच म्हणून. खरं सांगावं तर मास्तरांवरचं बालंट टळणार. पण थोरली? ती तर जेवताना सांगून गेली होती की ते वाक्य तिला किती पुरलं. माझं मन म्हणे, खरं ते खरं. लगेच दुसरं मन म्हणे, पोरीच्या पायाखालची जमीन काढून घेणार का तू? देवापुढे बसले तरी मनात तोच तराजू. जप करताना मणी कुठवर आला तेच विसरायची.

भावजींची अवस्था तर माझ्याहून वाईट. दोन घास खायचे आणि पोट भरलं म्हणायचे. एकदा मी खोलीत गेले तर जुना अंक उघडून, कोरड्या टाकानं ती शेपटी दुसऱ्या बाजूला वळवून पाहत होते. कागदावर काही उमटत नव्हतं. मला पाहिल्यावर अंक मिटला.

शेवटी मी म्हटलं, "चला, आधी मास्तरांना विचारू. वाक्य त्यांचं आहे."

बुधवारी आम्ही दोघं गेलो. भिंतीवरची काळी अक्षरं कुणीतरी चुन्यानं झाकली होती, पण खालून दिसत होती. भावजी तिथे क्षणभर थांबले. म्हणाले, "'थ'ची गाठ चुकलीय." सवय, दुसरं काय!

मास्तर आरामखुर्चीत बसलेले. फोनचा रिसीव्हर काढून शेजारी उशीवर झोपवलेला, आजारी माणसासारखा.

"या शाईवाले!" मास्तर म्हणाले. "अजून आहात म्हणायचे. वहिनी, तुम्ही बसा. याला उभं राहू द्या, याला खुर्चीत बसून काम सुचत नाही."

भावजींनी सगळं सांगितलं. फक्त खुणा कशा नाहीशा झाल्या ते सोडून. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं. त्याचा मला आजही पस्तावा आहे.

मास्तर ऐकून हसले. "मला काय नवीन सांगतोयस? अंक हातात आला त्याच दिवशी मला दिसलं. माझं वाक्य मला ओळखता येणार नाही?"

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. तुझ्या नावानं शंख करत निघालो होतो घरातून. वाटेत पहिलं पत्र हातात पडलं. अरे, मी अकरा वर्षं लिहिलं. त्यातलं लोकांना काय आठवतं? एक ओळ. आणि ती तुझ्या चुकीनं झालेली. सांगू नकोस कुणाला."

"पण लोक तुम्हाला शिव्या देताहेत मास्तर."

"देऊ देत. त्या मलाच देताहेत ना? तू सांगितलंस तर शिव्याही तुला आणि ओळही तुला. मग माझ्याकडे राहिलं काय? ही खुर्ची?"

त्यांनी चहा पाजला, विषय बदलला. फाटकाबाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "वहिनी, आता तर जास्तच झालं." खरं होतं ते. जाताना दोन वाटा होत्या, येताना दोन्ही बंद झाल्यासारख्या वाटत होत्या.

रविवारी अकराची सभा. वाचनालयाच्या सभागृहात मधून जायला वाट सोडली होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण लोक आपोआप दोन बाजूंना वाटले गेले, लग्नातल्या दोन पक्षांसारखे. हे जाऊन सिनेमावर चिडलेल्यांत बसले. थोरली सकाळची पाळी बदलून घेऊन आली होती, ती दुसऱ्या बाजूला. मी कुठे बसावं? शेवटी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. मंचावर मास्तर, भावजी आणि मधे वाचनालयाच्या बाई. भावजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि वरचं बटण लावायला विसरले होते. मी तिथूनच हातानं खूण करत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

पहिले दोन-चार प्रश्न सरळ होते. मग औषधांच्या दुकानाचा मालक उठला. दांडगा माणूस, आवाजही तसाच.

"मास्तर, मी तुमचे सगळे अंक बांधून ठेवलेत. माझी मुलगी सिनेमा बघून आली आणि विचारते, पहाड भित्रा होता का? मी काय सांगू तिला? तुम्ही हे लिहिलंच का?"

"वाटलं म्हणून लिहिलं," मास्तर म्हणाले.

"वाटलं म्हणून? माणसं बुडताना?"

"पुढच्या चौकटीत तो उतरतो पाण्यात!" थोरलीच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं.

"सिनेमात कुठे उतरतो? बसलाय नुसता!"

"तुम्हाला देव हवाय, वीर नकोय!"

"तुम्हाला आळशी माणसाला माळ घालायचीय!"

सगळे एकदम बोलायला लागले. बाई "कृपया, कृपया" म्हणत होत्या. मास्तर उठून उभे राहिले. काहीतरी म्हणायला गेले, पण घोळक्यातून एक चिरका आवाज आला, "म्हाताऱ्यानं मारला पहाडला!" मास्तरांचा हात काठीवरून सटकला. ते मागे खुर्चीत आदळले, आणि तोंडाचा रंगच गेला. थोरली जागेवरून धावली. तिनं नाडी पाहिली, पाणी पाजलं, गळ्याभोवतीची गुंडी सोडली. सभागृह चिडीचूप.

त्या शांततेत भावजी उभे राहिले. ध्वनिक्षेपक त्यांच्यापासून दूर होता, तो ओढून घ्यायचंही सुचलं नाही त्यांना. नुसत्या आवाजात म्हणाले, "ते वाक्य मास्तरांनी पहाडला दिलेलं नव्हतं. भोवऱ्याला दिलं होतं. शेपटी मी काढली. चुकीच्या बाजूला काढली."

"खाली बस!" मास्तर खुर्चीतूनच म्हणाले. आवाज बारीक, पण राग शाबूत. "एकतीस वर्षं मी गप्प बसलो, तुला एक रविवार बसवेना!"

भावजी बसले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं, दोन पाठमोरे, दोन घोंगड्या, दारात उभा असलेला छापखान्याचा माणूस. आयुष्यात ते एका वेळी इतकं बोलले नसतील. औषधवाल्याचे डोळे बारीक झाले.

"पटत नाही. मास्तरांना वाचवायला सांगताय तुम्ही. चित्रकार असा कसा सोडेल? काहीतरी खूण असणार की कोण कुठला!"

"कडेला पेन्सिलनं लिहिलेलं होतं."

"मग ते वाचलं का नाहीत?"

भावजी काही बोलले नाहीत.

"सांगा ना. लिहिलेलं होतं, समोर होतं, आणि अक्षरं काढणाऱ्या माणसानं ते वाचलं नाही?"

लोक हसायला लागले. "बघा, खोटं पकडलं." भावजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मुद्दाम. बटण उघडं, मान खाली. मी तोपर्यंत चारचौघांत कधी बोलले नव्हते. शाळेत कविता म्हणायला उभं केलं तरी माझी वाचा बसायची. देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "ते मी पुसलं."

सगळ्या माना मागे वळल्या. यांचीही.

"मी यांची वहिनी. पानं पुसायचं काम माझं होतं. शेपट्या काढायच्या आधीच मी सगळं पुसून टाकलं, नळाला पाणी येणार होतं म्हणून. यांना वाचायला काही उरलंच नव्हतं. माझं नाव पुढे येऊ नये म्हणून गप्प आहेत ते."

औषधवाला उभाच होता. मग मास्तर बोलले. थोरलीचा हात बाजूला सारला आणि ध्वनिक्षेपक मागून घेतला.

"आता सगळेच शहाणे झालेत तर माझंही ऐका. संपादक म्हणाला होता, पुढच्या अंकात चूकभूल छापू. मी नको म्हटलं. तेव्हा पुसलं यांनी, वळवलं यानं, पण ठेवलं मी. पहाड थकला तो माझ्या मर्जीनं. रंग फासायचा असेल तर भिंत माझीच आहे. पत्ता माहीत आहेच तुम्हाला."

कुणी हसलं, कुणी टाळी वाजवली, अर्धवट. औषधवाला आपल्या बाजूकडे वळून म्हणाला, "म्हणजे मुळात पहाड थकलाच नव्हता!" आणि त्या बाजूला एकदम उत्साह आला, निवडणूक जिंकल्यासारखा. यांनीही टाळ्या वाजवायला हात वर नेले. मग समोर पाहिलं आणि हात खाली घेतले.

थोरली मंचावरून उतरत होती. मधल्या वाटेनं सरळ चालत गेली आणि माझ्या शेजारून बाहेर पडली. माझ्याकडे न बघता.

आम्ही तिला बसथांब्यावर गाठलं. मी, हे आणि मागून धापा टाकत भावजी. दुपारच्या पाळीला जायचं होतं तिला. ती फलकाकडे बघत उभी होती.

"रागावलीस?" भावजींनी विचारलं.

"नाही."

"मग बोल ना काहीतरी."

ती वळली. डोळे कोरडे होते, त्याचीच मला भीती वाटली. "काका, मी रोज जे मनात म्हणायचे ते भोवऱ्याचं वाक्य होतं. पहाड असं कधी म्हणालाच नव्हता. मग मी कोण झाले?"

भावजींचे ओठ हलले. मला वाटलं, आता ते काहीतरी गोड बोलतील, तिची समजूत काढतील. पण त्या दिवशी त्यांची खोटं बोलायची ताकद संपली असावी. ते म्हणाले, "मला नाही गं सांगता येत. मी फक्त अक्षरं काढली."

ती मान हलवून पुन्हा फलकाकडे वळली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. यांच्यासमोर बोलायचं नव्हतं, कधीच नव्हतं.

"तुझी आजी चार वर्षं अंथरुणाला होती," मी म्हटलं. "मी रोज सकाळी दिवा लावताना देवाला म्हणायची, ने रे बाबा हिला, मी थकले. बरं व्हावं म्हणून नाही. मी सुटावं म्हणून."

हे माझ्याकडे बघतच राहिले. आई त्यांची. भावजींचीही.

"पहाड मला तेव्हा ठाऊकसुद्धा नव्हता," मी म्हटलं. "मला कुणी ते वाक्य दिलं नव्हतं. माझंच होतं ते."

थोरली माझ्याकडे वळली. "मग?"

"मग काय? कूस बदलायची वेळ झालेली असायची. जायची मी."

"दर दोन तासांनी?"

"दर दोन तासांनी."

"पाठीला जखम झाली होती तिला?"

"एकसुद्धा नाही."

तिनं मान हलवली, एक परिचारिका दुसऱ्या परिचारिकेला पाहून हलवते तशी. बस आली. ती चढली, खिडकीशी बसली. काच बंद होती म्हणून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण तिनं बोटानं भावजींच्या गळ्याकडे खूण केली. त्यांना कळेना. शेवटी यांनीच पुढे होऊन आपल्या भावाचं वरचं बटण लावलं, आणि त्याच हातानं त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. माझ्याकडे मात्र त्यांनी घरी पोचेपर्यंत पाहिलं नाही.